‘अंतरात्मा’, ‘सदसद्विवेकबुद्धी’ की नुसता ‘विवेक’?

सोलापुरातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्या अभ्यासमंडळाने ‘कॅथलिक श्रद्धा आणि राजकारण’ या विषयावर व्याख्यान ठेवलं आहे. ‘कॉन्शन्स’ला मराठीत काय म्हणायचं यावरून मंडळात दोन तट पडले. काहींना ‘अंतरात्म्याचा आवाज’ भिडतो, तर काहींना ‘सदसद्विवेकबुद्धी’शिवाय दुसरा शब्द मान्य नाही. शिवाय ‘सोशल कॉन्शन्स’ला ‘सामाजिक बांधिलकी’ म्हटलं तर चालेल का, असंही त्यांनी विचारलं आहे.

सर, या विषयासाठी ‘अंतरात्म्याचा आवाज’ घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. शब्दात खोट नाही, पण राजकारणाच्या मराठीत त्याला १९६९चा वास लागलेला आहे. त्या वर्षीच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी असताना इंदिरा गांधींनी अंतरात्म्याला स्मरून मत द्या असं सांगितलं. व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि वर्ष संपायच्या आत काँग्रेस फुटली. तेव्हापासून ‘अंतरात्म्याचा आवाज’ म्हटलं की वाचकाला फुटलेली मतंच आठवतात. व्याख्यानाचा फलक वाचणाऱ्यालाही तेच आठवेल आणि वक्त्याची पहिली दहा मिनिटं ते पुसण्यातच जातील.

‘आवाज’वाल्यांची बाजू अगदीच लंगडी आहे असं मात्र नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या दस्तऐवजात माणसाच्या या शक्तीचं जे वर्णन आहे, त्याला आपल्याकडे एकच शब्द शोभतो: गाभारा. तिथे माणूस देवापाशी एकटा असतो आणि देवाचा आवाज तिथे घुमतो, अशा आशयाचं ते वर्णन आहे. पण कॅथलिक परंपरा एवढ्यावर थांबत नाही. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या धर्मचिंतकापासून आजच्या धर्मशिक्षणग्रंथापर्यंत सांगणं एकच आहे: कॉन्शन्स हा बुद्धीने केलेला निवाडा आहे. समोरचं हे कृत्य करावं की करू नये, हे ठरवणारा निवाडा. तो चुकू शकतो, म्हणून त्याला घडवावं लागतं, शिकवावं लागतं. आणि नीट घडवून एकदा निश्चित झाला की तो मोडता येत नाही. आवाज नुसता ऐकायचा असतो, निवाड्याची मात्र जबाबदारी घ्यावी लागते.

‘विवेक’ इथेच कामाला येतो. ‘वि’ आणि ‘विच्’ मिळून हा शब्द होतो आणि त्याचा मूळ अर्थ वेगळं करणं. सुपात ज्वारी पाखडताना दाणा आणि फोल जसे वेगळे होतात, तसं. ‘सदसद्विवेकबुद्धी’त नेमकं काय वेगळं करायचं ते सांगितलं आहे: सत् आणि असत्. (म्हणून दुसरं अक्षर पूर्ण ‘द’ लिहा. ‘सद्सद्’ असं सर्रास छापलं जातं, पण त्यातला ‘असत्’मधला अ गळाला की निवडायला काही उरतच नाही.) शब्द बिनचूक आहे, पण लांब आहे. निबंधात शोभतो, बोलताना घशात अडकतो. समर्थांनी ‘विवेके क्रिया आपुली पालटावी’ म्हटलं तेव्हा त्यांना ‘सदसद्’ची गरज पडली नाही. शिवाय त्यांनी विवेकाला क्रियेशी जोडलं. राजकारणाबद्दल बोलताना हेच हवं.

मराठीत या कल्पनेचा आणखी जुना धागा आहे. ‘कॉन्शन्स’मागचा लॅटिन शब्द ‘सोबतीने जाणणं’ असा आहे, म्हणजे आत बसलेला साक्षीदार. तुकोबांची ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ ही ओळ पाहा. सत्यासत्याचा निवाडा, मनाची साक्ष आणि बहुमतापुढे न झुकणं, तिन्ही एका ओळीत आहेत. रोजच्या बोलण्यातलं ‘जनाची नाही, मनाची तरी’ याच घरचं. चूक झाल्यावर ‘मन खातं’, ‘टोचणी लागते’. वक्त्याने हे शब्द मोकळेपणी वापरावेत. मराठी श्रोत्याला कॅथलिक कॉन्शन्स समजावून सांगायला यापेक्षा जवळची वाट नाही.

आता राजकारणातले दोन दाखले. थॉमस मोर हा इंग्लंडचा चॅन्सलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री होता, पेशाने वकील. राजा आठवा हेन्री पोपऐवजी स्वतः इंग्लंडमधल्या चर्चचा प्रमुख होऊ पाहत होता, तेव्हा मोरने १५३२मध्ये पद सोडलं, पुढे राजाला हवी असलेली शपथ नाकारली आणि ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याने सभा गाजवल्या नाहीत. आपलं मत दीर्घ अभ्यासाने ठरलं आहे असं तो सांगत राहिला आणि ज्यांनी शपथ घेतली त्यांना दोषी ठरवायला त्याने नकार दिला. २०००मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला राजकारण्यांचा आश्रयदाता संत घोषित केलं. याला ‘अंतरात्म्याचा आवाज ऐकला’ म्हणणं मला अपुरं वाटतं. त्याने विवेक केला.

दुसरा दाखला अलीकडचा. १९९०मध्ये बेल्जियमच्या संसदेने गर्भपाताचा कायदा सैल केला. राजे बोदुएँ कॅथलिक होते, त्यांनी सही करायला नकार दिला. पंतप्रधान विल्फ्रीड मार्टेन्स हेही ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाचेच. मंत्रिमंडळाने घटनेतल्या तरतुदीचा आधार घेऊन राजे राज्य करण्यास असमर्थ असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनी कायद्यावर सह्या केल्या आणि लगेच संसदेने राजांना पुन्हा अधिकार दिले. राजाने आपला विवेक मोडला नाही आणि संसदेचा निर्णयही अडवून धरला नाही. राजा आणि पंतप्रधान दोघे एकाच परंपरेतले, पण पदाचं कर्तव्य वेगळं, म्हणून निवाडा वेगळा. मंडळात यावर खुशाल वाद होऊ द्या. माझ्या मते दोघांच्याही वागण्याला ‘विवेक’ लागू पडतो, ‘आवाज’ फार तर राजाच्या.

आता ‘सामाजिक’. ‘बांधिलकी’ नको. तो चांगला शब्द जाहीरनाम्यांनी पार झिजवून टाकला आहे आणि त्याचा अर्थही वेगळा आहे: आपण होऊन स्वतःला बांधून घेणं. ‘सामाजिक भान’ म्हणजे माहीत असणं, लक्षात असणं. समजा, आपल्या सोलापुरातला एक नगरसेवक आहे. प्रभागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि बायाबापड्या रात्री उठून घागरी भरतात, हे त्याला ठाऊक आहे. हे भान. ‘तुमच्यासाठी लढेन’ असा शब्द त्याने दिला, ही बांधिलकी. मग एक दिवस सभागृहात पाण्याच्या ठेक्याचा ठराव येतो. पक्षादेश एकीकडे, वस्तीचं हित दुसरीकडे, आणि पक्षादेश मोडला तर पद जाऊ शकतं. तेव्हा हात वर करायचा की नाही हे ज्याने ठरतं, तो सामाजिक विवेक. भान आणि बांधिलकी दोन्ही असूनही इथे पाय लटपटतात.

कॅथलिक परंपरेत हे सामाजिक अंग नंतर चिकटवलेलं नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१च्या परिपत्रकात सांगितलं की मजुराला साधेपणाने जगता येईल एवढी मजुरी मिळणं ही न्यायाची बाब आहे, मालक-मजुरांच्या कराराने ती कमी करता येत नाही. कामगारांनी संघटना करण्याचा हक्कही त्यांनी मान्य केला. तेव्हा सोलापुरात ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू होऊन काही वर्षं झालेली होती. गिरणीचा भोंगा आणि विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी यांवर वाढलेल्या या गावाला ‘न्याय्य वेतन’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही. त्यासाठी इथे लाल बावट्याखाली लढणारे होते, गांधीटोपीतलेही होते. सामाजिक विवेक कुणा एका धर्माच्या मालकीचा नाही, हे वक्त्याने जरूर म्हणावं. चर्चचीही तशीच भूमिका आहे: हा विवेक श्रद्धेने उजळतो, पण तो असतो प्रत्येक माणसात.

एक शब्द वसईकडून उसना घ्या. तिकडच्या चर्चमध्ये धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांना ‘प्रापंचिक’ म्हणतात. चर्चचा कायदा धर्मगुरूंना सत्तेची पदं घेऊ देत नाही, म्हणून राजकारण हे प्रापंचिकांचं क्षेत्र. धर्मगुरू गप्प बसतात असा याचा अर्थ नाही. उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी केलेला संघर्ष आपल्याला माहीत आहे. पण सभागृहात हात वर करायचा तो प्रापंचिकाने, स्वतःच्या विवेकाने. फादरना विचारून आलो किंवा पक्षाने सांगितलं म्हणून केलं, असं म्हणून सुटका नाही.

फलकावर ‘राजकारणातला प्रापंचिक आणि त्याचा सामाजिक विवेक’ असं लिहा. खाली लहान अक्षरांत ‘कॅथलिक परंपरेच्या प्रकाशात’. ‘कॅथॉलिक’ही चुकीचं नाही, पण दोन्हींतलं एकच रूप सगळीकडे ठेवा. आणि निमंत्रणपत्रिकेत ‘सदसद्विवेकबुद्धी’ एकदा तरी येऊ द्या, म्हणजे मंडळातल्या दुसऱ्या तटाचाही मान राहील.