गोव्यात सायकलच्या चेनला कुठलं तेल?

आधी एक सांगतो, खोबरेल घालू नकोस. मी घातलं होतं. आठवड्यात चेनवर धूळ आणि तेलाचा काळा चिखल!

जून ते सप्टेंबर वेट ल्यूब, म्हणजे ओल्या हवेसाठीचं चेनचं वंगण घे. ते घट्ट असतं, पावसात लवकर धुऊन जात नाही. पण चोर्ल्याचा घाट भर पावसात चढून आलास की तांबडी माती त्याला चिकटतेच. घरी आल्यावर चेन धू, फडक्याने कोरडी कर आणि मगच नवं तेल घाल. ओल्या चेनवर घातलेलं तेल फुकट जातं. उन्हाळ्यात ड्राय ल्यूब, म्हणजे कोरड्या हवेसाठीचं वंगण पुरे. ते पातळ असतं, धूळ कमी धरतं; मात्र १००-१५० किलोमीटरनंतर पुन्हा द्यावं लागतं. मिरामारच्या किनाऱ्याच्या बाजूने रोज जात असशील तर खाऱ्या वाऱ्याने गंज लवकर धरतो, तेव्हा चेन कोरडी पडू देऊ नकोस.

चेनच्या प्रत्येक रोलरवर, म्हणजे कड्यांमधल्या छोट्या गोल नळीवर एकच थेंब, आतल्या बाजूने. रात्रभर मुरू दे, सकाळी बाहेरून पूर्ण पुसून काढ. हे पुसणंच सगळे टाळतात. आणि तो डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा गंज सोडवायला ठीक, वंगण म्हणून नको.