दोन डॉन

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या इंग्रजी कादंबरीच्या अनुवादाची पहिली पन्नास पानं वाचली. भाषा छान वळतेय तुझी. सहाव्या पानावर मात्र अडखळलो. कॉलेजच्या हिरवळीच्या कडेने ‘दोन डॉन वाद घालत निघाले’ असं वाक्य आहे. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोघांच्या काखेत पुस्तकं, वाद चाललाय प्लेटोवरून, पुढच्या पानावर चहा. मराठी वाचकाला वाटणार, हे वसुलीला निघालेत आणि पुस्तकं पोखरून आत पिस्तूल ठेवलंय.

तुला हसत नाहीये. मी याच्याहून मोठा पराक्रम केलेला आहे. उमेदवारीच्या काळात एका वर्तमानपत्रात रात्रपाळीला होतो. ऑक्सफर्डच्या कुणा डॉनचं निधन झाल्याची दोन ओळींची बातमी आली आणि मी मथळा दिला, ‘ऑक्सफर्डमधील कुख्यात डॉनचा मृत्यू’. ‘कुख्यात’ पदरचं. मुख्य उपसंपादकांनी कागद वाचला, एक शब्द बोलले नाहीत, फक्त शब्दकोश माझ्याकडे सरकवला. त्यात डॉनचा आणखी एक अर्थ होता, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजातला अध्यापक. त्या रात्री चहासुद्धा गोड लागला नाही.

मूळ शब्द लॅटिन. ‘दोमिनुस’ म्हणजे धनी, मालक. त्याचंच झिजून स्पॅनिश आणि इटालियन भाषांत ‘डॉन’ झालं आणि मोठ्या माणसाच्या नावाआधी लागू लागलं. इटलीत ते पाद्र्यांच्या नावाआधीही लावतात. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा तुझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे ना? तो डॉन म्हणजे जॉन बॉस्को नावाचा इटालियन धर्मगुरू. बाईमाणसासाठी पोर्तुगीजमध्ये ‘दोना’, म्हणून गोव्यात दोना पावला. दक्षिण इटलीत हाच मान टोळीच्या म्होरक्याला मिळाला, तिथून तो शब्द अमेरिकेत गेला आणि सिनेमावाटे आपल्याकडे आला. इंग्लंडमध्ये मात्र सतराव्या शतकापासून ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांतल्या वडीलधाऱ्या मंडळींना बोलीत डॉन म्हणू लागले. म्हणजे तुझे दोन डॉन आणि सिनेमातला डॉन एकाच घरातले. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. थोरला भाऊ तो दादा, आणि गल्लीत हप्ता मागणारा तोही दादाच. ‘भाई’चीही तीच गत.

आता वापर. इथे तू नीट लक्ष घाल, कारण कोश एवढं सांगत नाही. या अर्थाचा डॉन ही पदवी नव्हे. दारावरच्या पाटीवर ती नसते, नेमणुकीच्या पत्रात नसते, आणि समोरच्याला ‘अहो डॉन’ अशी हाकही कुणी मारत नाही. इतरांनी त्याच्याबद्दल बोलताना वापरायचा शब्द आहे हा, किंचित आदराचा आणि किंचित खोडकर. कॉलेजचा फेलो (म्हणजे कॉलेजच्या अध्यापक-मंडळाचा सभासद), ट्यूटर, लेक्चरर, प्रोफेसर, सगळे त्यात बसतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टोल्किन १९२५ साली ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्रोफेसर झाले. त्याच वर्षी ‘नार्निया’च्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुईस तिथल्याच मॅग्डलेन कॉलेजात फेलो म्हणून रुजू झाले. (ऑक्सफर्डवाले त्या नावाचा उच्चार ‘मॉडलिन’ करतात. तू तळटीप देऊ नकोस, पण चारचौघांत बोलताना लक्षात ठेव.) दोघेही डॉन. पण लुईस यांना प्रोफेसरपद मिळालं ते १९५४ साली, तेही केंब्रिजने दिलं. सुमारे तीस वर्षं हा माणूस डॉन होता आणि प्रोफेसर नव्हता.

म्हणूनच ‘डॉन’ला सरसकट ‘प्रोफेसर’ करू नकोस. आपल्याकडे कॉलेजात रुजू झाल्या दिवसापासून नावामागे ‘प्रा.’ लागतं, त्यामुळे आपला हात सैल असतो. ब्रिटनमध्ये परंपरेने प्रोफेसर म्हणजे सर्वांत वरची पायरी. आणि तुझ्या कादंबरीत त्या पायरीसाठीच तर खून पडतो! दुसऱ्या प्रकरणात सगळ्यांनाच प्रोफेसर करून ठेवलंस तर नवव्या प्रकरणात भांडण कशाचं ते वाचकाला कळायचं नाही.

बाकी देशांचं थोडक्यात सांगतो, पुढे उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिक्षकाला डॉन म्हणायची पद्धत नाही. नायजेरियाच्या वर्तमानपत्रांत विद्यापीठाचा कुठलाही शिक्षक मथळ्यात डॉन होतो. कॅनडातल्या काही विद्यापीठांत वसतिगृहावर देखरेख करणाऱ्याला डॉन म्हणतात, आणि तो बहुधा वरच्या वर्गातला विद्यार्थीच असतो.

तू विचारशील, मग ‘रँग्लर’ कसा चालला? र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने, म्हणजे सीनियर रँग्लर, ठरले आणि महाराष्ट्रात तो शब्द त्यांच्या नावालाच चिकटला. आजही कुणी नुसतं ‘परांजपे’ म्हणालं तर आपण ‘कोण, रँग्लर?’ असं विचारतो. अमेरिकेत याच शब्दाने घोडे सांभाळणारा गडी ओळखतात, पण मराठीत त्या खुर्चीवर आधी कुणी बसलेलं नव्हतं. शब्द माणसाबरोबर आला आणि राहिला. डॉनची खुर्ची मराठीत भरलेली आहे, आणि बसलेला उठणारा नाही.

तेव्हा साधं ‘अध्यापक’ लिही. ‘दोन अध्यापक वाद घालत निघाले’. खोडकरपणा थोडा कमी होतो, मान्य. तो हवाच असेल तर विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘मास्तर लोक’ घाल, तिथे शोभेल. मी एकदा ‘शास्त्रीबुवा’ करून पाहिलं होतं, पण पुढचा सगळा वेळ त्या इंग्रजाच्या डोक्यावर मला शेंडी दिसत राहिली. खोडलं.

आणि बेचाळिसाव्या पानावर म्हाताऱ्या ट्यूटरचं बोलणं ‘डॉनिश’ असल्याचं मूळ लेखिका म्हणते, त्याचं तू ‘गुंडगिरीच्या भाषेत’ केलंयस. तिथे ‘पुस्तकी, पंडिती थाटात’ हवं. ते आधी दुरुस्त कर, मग पुढची पन्नास पानं पाठव. कागदावर छापून पाठव, पडद्यावर मला वाचवत नाही.

तुझा,
काका