जाताना दहा तास, येताना पावणेनऊ

प्रश्न : जानेवारीत मुलाकडे लंडनला चालले आहे, पहिल्यांदाच आणि एकटी. तिकिटावर मुंबईहून दुपारी १.३० ला सुटून संध्याकाळी ६ ला पोहोचणार, असं आहे. परतताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.१५ ला मुंबई. जाताना साडेचार तास आणि येताना सव्वाचौदा? सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० अशा माझ्या गोळ्यांच्या वेळा आहेत, म्हणून विचारते. — एक वाचक, वाई

उत्तर : ताई, तिकिटावर त्या त्या गावच्या घड्याळाची वेळ छापतात. जानेवारीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तुम्ही ६ ला उतराल तेव्हा वाईत रात्रीचे साडेअकरा झालेले असतील. म्हणजे जाताना दहा तास. परतीला तिथले रात्रीचे ९ म्हणजे आपले पहाटेचे अडीच, तिथून सव्वाअकरापर्यंत पावणेनऊ तास. (मुक्काम लांबला तर लक्षात ठेवा, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात.)

उरला सव्वा तासाचा फरक. विमानांचे मार्ग आखण्यात आणि इंधनाचा हिशेब करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. तो पाकिस्तान, इराण, कॉकेशस पर्वत, काळा समुद्र, युक्रेन असा जाईल. हे सर्वांत जवळचं अंतर, साधारण ७,२०० किलोमीटर. पण युक्रेनचं आकाश २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. दोरा कुठे कुठे वाकवावा लागतो, तसे किलोमीटर वाढतात.

तरी खरा फरक पाडतो तो वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो खाली दक्षिणेकडे सरकतो आणि अधिक जोर धरतो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. समोरून शंभराचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने आठशेच उरतात आणि ७,२०० किलोमीटरना नऊ तास लागतात. तोच वारा पाठीशी आला की वेग हजार होतो, सव्वासात तासांत काम होतं. रात्रपाळीला वाऱ्याचा तक्ता हातात आला की मी आधी हा पट्टा बोटाने शोधायचो. जाणारं विमान त्याला टाळून न्यायचं आणि येणारं त्यातच घालायचं. पट्टा दोनशे किलोमीटर सरकला तरी टनांनी इंधन कमीजास्त व्हायचं.

शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा असतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दीच्या वेळी विमानं उतरण्याआधी घिरट्या घालतात, त्याचाही अंदाज त्यात धरलेला असतो.

आता गोळ्या. त्या हातातल्या पिशवीतच ठेवा, सामानात टाकू नका. मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर राहू द्या. दुपारी दोनची गोळी विमान सुटल्यावर लगेच आणि रात्री दहाची उतरण्याच्या दीड तास आधी येईल. लंडनमध्ये वेळा कशा बदलायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. परतीत सकाळी सहाची गोळी विमानात आणि दुपारी दोनची वाईच्या वाटेवर.