पिनियनचा अँगल, अडवलेली गाडी आणि ग्राहकाचा हक्क

साताऱ्याहून एका वाचकांनी लिहिलं आहे. वडिलांची १९६८ ची अँबॅसिडर त्यांनी पुण्यातल्या एका गॅरेजला नव्यासारखी करायला दिली. मागून गाडी जरा खाली बसावी ही त्यांचीच इच्छा, म्हणून नवे पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि पाटे व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये बसणारे ठोकळे टाकले गेले. बिल २ लाख ४० हजार. पैकी १ लाख ८५ हजार दिले. घरी येतानाच ताशी ५५ च्या पुढे बुडाखालची सीट थरथरायला लागली. गाडी परत नेली तर उत्तर मिळालं, "पिनियनचा अँगल बरोबर आहे, जुन्या गाड्या अशाच चालतात." (पिनियन म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा दातेरी दांडा; अँगल म्हणजे त्याचा कोन.) वर उरलेले ५५ हजार दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही, हा दम.

आधी गाडी ताब्यात घ्या. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. कायद्यातच शिंप्याचं आणि कोटाच्या कापडाचं उदाहरण दिलं आहे. पण हा हक्क ताब्यावर उभा असतो. गॅरेजने एकदा गाडी तुमच्या हवाली केली होती. तक्रारीसाठी ती परत आली म्हणून जुन्या बिलापोटी अडवणं टिकणं कठीण आहे. यावर भांडायला तुमची बाजू चांगली आहे, तरी मी सांगेन की पैसे भरून टाका. बँकेतून भरा आणि त्याच दिवशी ईमेल करा की ही रक्कम हक्क राखून, निषेधासह दिली आहे. गाडी तिथे आहे तोवर तुमचा पुरावाही त्यांच्याच हातात आहे. पाट्याखाली एक पाचर सरकवली की कोन बदलतो. जॉबकार्डावर "काम समाधानकारक" अशी छापील ओळ असेल तर ती खोडा, "कंप कायम" लिहा आणि मगच सही करा.

घरी आल्यावर लगेच दुसऱ्या मेकॅनिककडे दुरुस्तीला देऊ नका, ही कळकळीची विनंती. सेवेत कसूर झाली हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे, आणि दुरुस्त झालेल्या गाडीत काल दोष होता हे दाखवणं फार अवघड जातं. अभियांत्रिकी महाविद्यालयातले ऑटोमोबाइलचे प्राध्यापक किंवा मोटारींचा परवानाधारक सर्व्हेअर गाठा आणि ग्राहक आयोगाला समजेल अशा क्रमाने तपासणी करून घ्या. मोकळ्या सरळ रस्त्यावर कंप सुरू असताना गाडी न्यूट्रल करा. कंप तसाच राहिला तर इंजिन संशयातून सुटलं. पुढची चाकं मागे टाकून पाहा. थरथर जागा बदलत नसेल तर टायरही सुटले. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून पिनियनपर्यंत जाणारा लांब दांडा, चाकाच्या चारपटीहून जास्त वेगाने फिरतो, म्हणून त्याचा कंप बारीक आणि घुमणारा असतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर तो बदलत असेल तर कोनाचा संशय बळावतो.

तुम्ही जोडलेला गॅरेजचा फोटो मी मोठा करून पाहिला. पिनियनपाशी डिजिटल मापक आहे, आकडा ३ अंशांचा. पण गाडी लिफ्टवर आहे आणि मागची चाकं हवेत लोंबतायत! अ‍ॅक्सल लोंबला की पाटे सैल पडतात आणि शाफ्टचा कोन पार बदलतो. माप घ्यायचं ते चाकांवर वजन असताना. शिवाय एकट्या पिनियनचा आकडा काहीच सांगत नाही. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना जवळजवळ समांतर हवेत, म्हणजे दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (फिरत्या सांध्यांचे) कोन सारखे होतात आणि एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. दोहोंत अंशाहून जास्त फरक पडला की शाफ्टच्या दर फेऱ्याला दोन झटके बसतात. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पिनियन, तिन्हींची मापं अहवालात असू द्या. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आहेत का, हेही लिहून घ्या; जोडताना एखादा दात चुकला तरी असाच कंप येतो.

"खाली करायला तुम्हीच सांगितलंत" असं ते म्हणतील. काय हवं ते ग्राहक सांगतो. ते कसं करायचं आणि त्याने काय बिघडेल हे सांगणं जाणकाराचं काम आहे. ठोकळे टाकून कोन न जुळवणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या अर्थाने सेवेतली कसूर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तक्रार करण्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर स्वतःला द्या: लग्नांना गाडी पाठवता असं लिहिलंय, ती भाड्याने का? नात्यातल्यांना हौसेने देत असाल तर काळजी नाही. भाडं घेत असाल तर समोरचा वकील व्यापारी हेतूचा मुद्दा काढून तुम्हाला ग्राहकच मानू नये म्हणेल.

तक्रार साताऱ्याच्याच जिल्हा आयोगात चालेल, कारण तुम्ही तिथे राहता. मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत २ वर्षांची. ती पहिल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून धरून चाला. पूर्ण २ लाख ४० हजार मागू नका. रंग आणि गाद्यांचं काम छान झाल्याचं तुम्हीच लिहिलंय. मागच्या सस्पेन्शनचे पैसे, दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक, तज्ज्ञाची फी, मनस्ताप आणि खर्च एवढंच मागा, म्हणजे मागणी खरी वाटते. व्हिडिओ जोडाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्रही जोडा.

आणि १५ दिवसांची नोटीस पाठवाल तेव्हा तो लिफ्टवरचा फोटो सोबत लावा. चाकं कुठे आहेत त्यावर लाल गोल करा.