प्लेटलेटची मिटलेली मूठ : वाचकांचे प्रश्न

फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) रक्तात कायम असतं आणि ते धरणारी प्रथिनं प्लेटलेटवर (गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशींवर) कायम असतात. मग अंगभर गुठळ्या का होत नाहीत? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली)

शंका रास्त आहे. एका प्लेटलेटवर या प्रथिनाच्या सुमारे ८०,००० प्रती असतात. नाव अल्फा-टू-बी बीटा-थ्री इन्टिग्रिन. डॉक्टर मंडळी त्यालाच जीपी टू-बी थ्री-ए म्हणतात. प्लाझ्मात फायब्रिनोजेनही लिटरमागे २ ते ४ ग्रॅम असतं. तरी दोघांची गाठ पडत नाही, कारण इन्टिग्रिन एरवी मिटून बसलेलं असतं.

त्यात दोन साखळ्या असतात : अल्फा हजारेक अमिनो आम्लांची, बीटा साडेसातशेच्या आसपास. दोघींची डोकी वर जुळून पकडीचा खळगा तयार होतो. खाली दोन लांब पाय, पेशीपटलातून आरपार जाणारं एकेक सर्पिल आणि आत इवलीशी शेपटी. उकिडवा बसून गुडघ्यात डोकं घातलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. अशा बैठकीत उंची ११ नॅनोमीटरच्या आसपास असते आणि खळगा पटलाकडे तोंड करून असतो. ताठ उभं राहिल्यावर उंची साधारण २० नॅनोमीटर होते. याच घराण्यातल्या अल्फा-व्ही बीटा-थ्रीची स्फटिकरचना २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ते असं दुमडलेलं पाहून भलेभले चकित झाले होते.

उठण्याचा हुकूम आतून येतो. थ्रॉम्बिन किंवा एडीपी या जखमेपाशी मिळणाऱ्या संदेशांनी प्लेटलेट चेतली की आतलं कॅल्शियम वाढतं, रॅप-वन हे निरोप्या प्रथिन जागं होतं आणि टॅलिन हे प्रथिन बीटाच्या शेपटीला येऊन बिलगतं. तोवर दोन्ही शेपट्या पटलालगत एका क्षारबंधाने (विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीने) जखडलेल्या असतात : अल्फाकडचं ९९५वं आर्जिनिन आणि बीटाकडचं ७२३वं अ‍ॅस्पार्टेट. टॅलिन हा बंध सोडवतं, किंडलिन हे दुसरं प्रथिन शेपटीवर थोडं पुढे बसून हात लावतं. पाय फाकतात, गुडघा सरळ होतो, खळगा उघडतो. खळग्यातला मॅग्नेशियमचा आयन मग फायब्रिनोजेनला धरतो. एक फायब्रिनोजेन दोन्ही टोकांनी दोन प्लेटलेट धरू शकतं, म्हणून गुठळी बनते.

प्लेटलेटचा आकडा १,९०,००० आहे, पण एडीपी घातल्यावर प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याचा आलेख सपाटच. ग्लान्झमन (हे इन्टिग्रिन जन्मतः कमी किंवा निकामी असण्याचा आजार) लिहायचं का? (लॅब टेक्निशियन, नाशिक)

आधी नळी पाहा. रक्त जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या नळीत घेतलं असेल तर निकाल फेकून द्या. ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं, आणि ३७ अंशांवर तर अल्फा-बीटाची जोडीच सुटते. नंतर वरून कॅल्शियम घालून भागत नाही. ३.२ टक्के सोडियम सायट्रेट १ भाग, रक्त ९ भाग. सुमारे २०० जी वर १० मिनिटं, ब्रेक न लावता फिरवा. नमुना फ्रिजमध्ये नको, खोलीच्या तापमानालाच ठेवा आणि रक्त काढल्यापासून ४ तासांच्या आत तपासणी संपवा. क्युव्हेटमधली (तपासणीच्या छोट्या नळीतली) चुंबकीय कांडी फिरते आहे ना, तेही बघा. खळगे उघडले तरी प्लेटलेट एकमेकींवर आदळल्याशिवाय चिकटत नाहीत. सपाट आलेखाचं हे कारण लाजिरवाणं खरं, पण दुर्मीळ मुळीच नाही.

हे सगळं ठीक असेल तर एडीपी, कोलाजेन, अ‍ॅड्रिनलिन, अ‍ॅराकिडोनिक आम्ल हे चारही लावा. चारही सपाट आणि रिस्टोसेटिनला मात्र प्रतिसाद, असं दिसलं तर ग्लान्झमनचा संशय पक्का धरा. रिस्टोसेटिनची वाट वेगळी आहे : जीपी वन-बी आणि फॉन विलेब्रँड घटक. अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या माणसात अ‍ॅराकिडोनिक आम्लाचा प्रतिसाद जातो, पण एडीपीची पहिली लाट उरते. एवढ्यावर निदान लिहू नका, फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) सीडी-४१ आणि सीडी-६१, म्हणजे हीच अल्फा आणि बीटा साखळी, बघा. दोन्ही पुरेसे असूनही काम होत नसेल तर पॅक-वन प्रतिपिंड लावून पाहा. ते फक्त उघडलेल्या रूपालाच चिकटतं.

पेशी फायब्रोनेक्टिनवर (इन्टिग्रिन ज्याला धरतं अशा प्रथिनावर) बसाव्यात म्हणून पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) मँगनीज घातलं, तर द्रावण गढूळ झालं. (संशोधक विद्यार्थी, पुणे)

फॉस्फेटशी मँगनीजचा साका बसला. त्याऐवजी २० मिलिमोलर हेपेस (फॉस्फेट नसलेलं बफर) आणि १५० मिलिमोलर मीठ घ्या, त्यात १ मिलिमोलर मँगनीज क्लोराइड. मँगनीज बाहेरूनच इन्टिग्रिनचा खळगा उघडतं, टॅलिनची वाट पाहत नाही. म्हणून ते तुलनेपुरतं वापरा; पेशी आपणहून चिकटली, असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

फुरशाच्या विषावरून हृदयाचं औषध निघालं, हे खरं का? (रत्नागिरी)

खरं आहे. फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं ४९ अमिनो आम्लांचं प्रथिन असतं. त्याच्या एका वळणावर आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टेट अशी ओळ असते आणि ती इन्टिग्रिनच्या खळग्यात बूच मारल्यासारखी बसते. टायरोफिबान हा छोटा रेणू त्या ओळीच्या नमुन्यावर बेतला. त्यात विष नसतं. अँजिओप्लास्टीत ते शिरेतून देतात. क्वचित एखाद्याचे प्लेटलेट काही तासांतच कोसळतात, म्हणून आकडा लवकर तपासावा लागतो.

फुरसं चावल्यावर रक्त न गोठण्याचं मुख्य कारण मात्र एकिस्टॅटिन नव्हे. विषातली इतर प्रथिनं प्रोथ्रॉम्बिनला चेतवून फायब्रिनोजेन संपवून टाकतात. म्हणून दवाखान्यात २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी कलती करून पाहतात. प्लास्टिकची नळी इथे चालत नाही. काचेच्या स्पर्शानेच गोठण सुरू होते, त्यामुळे प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तही पातळ राहून फसवू शकतं.