सोन्याच्या खाणींचे पडलेले शेअर आत्ता उचलावेत का?

शहापूरच्या सराफाकडचं सोनं आणि खाणकंपनीचा शेअर हा एकच माल नव्हे. समजा, एक औंस (सुमारे ३१ ग्रॅम) सोनं काढायला खर्च १२०० डॉलर आणि भाव १५००. नफा ३००. भाव १० टक्के उतरून १३५० झाला की नफा थेट निम्मा. चढताना उलटं. म्हणूनच २०११ ते २०१५ मध्ये सोनं सुमारे १९०० वरून १०५० डॉलरपर्यंत आलं, तेव्हा खाणींचे शेअर त्याहून कितीतरी जास्त आपटले आणि २०१६ मध्ये तसेच उसळले.

त्यामुळे 'पडलाय' एवढ्यावर घेऊ नका; कंपनीचं कर्ज आणि औंसामागचा खर्च बघा. कर्नाटकातल्या कोलारमध्ये सोनं संपलं नव्हतं, काढणं परवडेना म्हणून २००१ मध्ये खाण बंद झाली. रायचूरची हट्टी खाण चालू आहे (तीही कर्नाटकातच), पण ती सरकारी, बाजारात शेअर नाही. मोठ्या कंपन्या सगळ्या परदेशी, म्हणजे डॉलरची चढउतारही अंगावर.

मी उसाच्या बिलातले थोडेच टाकतो, तेही कारखान्याने बिल दिलं तर. सोसायटीचं कर्ज काढून तर मुळीच नाही.