दुकानातले वेखंड रुजत का नाही?

प्रश्न : काष्ठौषधीच्या दुकानातले वेखंड बादलीत खोल पुरले, रोज पाणी घातले. महिना झाला तरी कोंब नाही. नर्सरीतून आणलेले दुसरे रोप जगले आहे, पण पाने पिवळी पडताहेत. कुठे चुकते आहे?
– एक वाचक, दापोली

उत्तर : दुकानातले वेखंड वाळवलेले असते. त्याचे डोळे मेलेले, ते कितीही भिजवा, फुटणार नाही. लावणीला ओला कंदच हवा: ५ ते ७ सेंटिमीटरचा तुकडा, टोकाचा कोंब शाबूत असलेला.

खोल पुरूनही उपयोग नाही. हा कंद जमिनीलगत आडवा सरपटतो, टोकाने पुढे जातो, फाटे फोडतो आणि मागचा जुना भाग कुजत जातो. त्यामुळे बादलीपेक्षा पसरट टब बरा, तळाला भोक नसलेला. १५-२० सेंटिमीटर माती पुरते. खाचरातली चिकण गाळमाती मिळाली तर उत्तमच. शेणखत पूर्ण कुजलेलेच घाला. ताजे शेण साचल्या पाण्यात आंबते आणि कंद सडवते. तुकडा आडवा, कोंब वर, फार तर ४ सेंटिमीटर खोल ठेवा. सुरुवातीला नुसता चिखल राखा. पाने वीतभर झाली की ५ सेंटिमीटर पाणी, पुढे १०. कोवळा कोंब पाण्याखाली बुडाला की हमखास जातो.

पिवळेपणाचे म्हणाल, तर आधी पान कोणते ते पाहा. बाहेरची जुनी पाने पिवळी पडून गळणारच; थंडीत तर बरीचशी वाळतात. मधले नवे पान पिवळे असेल तर मात्र कंद उकरून बघा. मऊ, दुर्गंधी येणारा भाग कापून टाका, उरलेला नव्या चिखलात लावा. नर्सरीवाल्याने वेखंडच दिले ना, हेही तपासा. पान चुरगळले की उग्र सुगंध यायला हवा आणि पानावर उठावदार शीर हवी. पाणकणसाला दोन्ही नसते.

शेतात लावायचे तर पावसाच्या तोंडी चिखलणी करून ३० × ३० सेंटिमीटरवर लावा. एकरी सुमारे ४५ हजार तुकडे लागतात. साधारण वर्षाने, पाने वाळू लागली की काढणी.

प्रश्न : घरचे वेखंड बाळगुटीत उगाळून चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आम्ही नको म्हणू. भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन हे रसायन भरपूर असते. उंदरांवरील प्रयोगांत त्याने गाठी झाल्या आणि अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. शिवाय घरच्या कंदात ते किती, हे उगाळून कळत नाही. तंतुमुळे काढून, तुकडे करून नीट वाळवा आणि कपड्यांच्या कपाटात ठेवा. कसर लागू नये म्हणून ते तिथे जुन्या काळापासून ठेवतात.